पर्यटक नीट वागायला हवेत? मग आधी जागा नीट लावा

एकच ग्रुप बघा. सकाळी देवराईत शिरताना कोणी न सांगता चपला बाहेर काढतो, आवाज खाली आणतो, पडलेली काटकीसुद्धा उचलत नाही, आणि तोच ग्रुप दुपारी धबधब्यावर पोचला की चिप्सचं पाकीट दगडाच्या फटीत खुपसतो, स्पीकर लावतो, काचेची बाटली तिथेच सोडून गाडीत जाऊन बसतो. चार तासांत कोणाचे संस्कार बदलत नसतात. देवराईत आजूबाजूचं सगळं त्याला सांगत होतं की इथे असं वागायचं असतं, आणि धबधब्यावर आधीच पडलेला ढीग, टपरीमागे जळणारं प्लास्टिक, रस्त्यात आडव्यातिडव्या लावलेल्या गाड्या हे सगळं सांगत होतं की इथे काहीही चालतं.

म्हणून पुढचं सगळं पर्यटकांसाठी नाही, ज्यांच्या हातात जागा आहे त्यांच्यासाठी लिहितोय. पायथ्याच्या गावातले होमस्टेवाले, टपरीवाले काका-मावशी, ट्रेक लीडर, वन समिती, ग्रामपंचायत, गडांवर संवर्धनाचं काम करणारी पोरं. पर्यटक पाच-सहा तासांसाठी येतो आणि जातो, तेवढ्यात त्याला पर्यावरण शिकवून होत नाही. जागा मात्र रोज तिथेच असते, तिच्यावर काम करता येतं आणि ते काम पुढच्या हजार लोकांना लागू पडतं.

घाई पण आहे. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने मराठ्यांचे १२ किल्ले जागतिक वारसा यादीत घेतले, त्यातले ११ आपल्या राज्यात आहेत (साल्हेर, शिवनेरी, लोहगड, खांदेरी, रायगड, राजगड, प्रतापगड, सुवर्णदुर्ग, पन्हाळा, विजयदुर्ग, सिंधुदुर्ग) आणि बारावा तामिळनाडूतला जिंजी. अभिमान आहेच, पण शनिवार-रविवारची गर्दी वाढणार हे उघड आहे आणि तयारी पायथ्याच्या गावांनाच करावी लागणार आहे.

सुरुवात: पाहुणा बनून चाला

सोमवारी सकाळी, रविवारची गर्दी ओसरल्यावर, गाडी लावतात तिथून वरपर्यंत एकदा चालत जा. झाडू-पोतं घेऊन नको, वही-पेन घेऊन जा. कचरा सगळीकडे सारखा पडलेला नसतो हे लगेच दिसेल. पहिला दम लागतो त्या झाडाखाली पाण्याच्या बाटल्या, टपरीपासून वीस-तीस पावलांवर प्लेटी आणि कप, गडाच्या दरवाज्यातल्या देवडीत (पहारेकऱ्यांच्या खोलीत) कोपऱ्यात सगळं कोंबलेलं, सेल्फी पॉइंटच्या खाली दरीत पाकिटं, आणि तटबंदीमागे ज्याबद्दल कोणी बोलत नाही ते. प्रत्येक ठिकाणी एकच प्रश्न विचारा, इथेच का? तिथे माणूस थांबतो का, खातो का, त्याला आडोसा मिळतो का, त्याला वाटतं का की हे कोणाच्या नजरेस येणार नाही.

कचऱ्याचा प्रकारही लिहा. गुटख्याच्या पुड्या, डायपर, सॅनिटरी पॅड, दारूच्या बाटल्या, वेफर्सची पाकिटं, कागदी प्लेटी, प्रत्येकाचा उपाय वेगळा आहे. सगळं मिळून 'कचरा' म्हटलं की मग उपाय एकच सुचतो, बोर्ड लावणे, आणि तो सगळ्यात कमकुवत उपाय आहे.

झाडू सोमवारी नको, शुक्रवारी मारा

या सगळ्यातलं एकच काही करायचं असेल तर हे करा. नेदरलँड्समध्ये ग्रोनिंगन शहरात केलेला एक प्रयोग २००८ मध्ये प्रसिद्ध झाला होता. गल्लीत लोक सायकली लावायचे त्या सायकलींच्या हँडलला संशोधकांनी एकेक जाहिरातीचा कागद अडकवून ठेवला, आसपास कचऱ्याचा डबा नव्हता. भिंत स्वच्छ होती तेव्हा ३३ टक्के लोकांनी तो कागद खाली टाकला, आणि त्याच भिंतीवर चितारून ठेवलं तेव्हा ६९ टक्के लोकांनी. गल्ली तीच, कागद तसाच. आणि भिंतीवर चितारायला मनाई आहे हा बोर्ड दोन्ही वेळेला तिथे होता! म्हणजे नियम लिहिलेला आहे आणि तो कोणी पाळत नाही हे डोळ्यांना दिसलं की माणूस दुसराही नियम सोडून देतो.

आता आपल्याकडे बघा. स्वच्छता मोहिमा बहुतेक रविवारी होतात कारण पोरांना सुट्टी तेव्हाच असते, नाहीतर गर्दी गेल्यावर सोमवारी-मंगळवारी गावातली माणसं झाडतात. काम चांगलंच आहे, कोणीही ते कमी लेखू नये, पण शनिवारी सकाळी येणाऱ्या पहिल्या गाडीला काय दिसतं ते जास्त महत्त्वाचं आहे. मधल्या दिवसांत चार पाकिटं जरी पडली तरी तीच पाकिटं शनिवारच्या माणसाला परवानगी देतात. त्यामुळे शुक्रवारी संध्याकाळी किंवा शनिवारी पहाटे एक फेरी मारा, छोटी चालेल, पण ज्या पाच-सहा जागा वहीत लिहिल्या आहेत त्या कोऱ्या करकरीत असल्या पाहिजेत. शनिवारी दुपारी जेवणानंतर अजून एक फेरी, नुसती मोक्याच्या जागांची. दोन माणसं अर्ध्या तासात करू शकतात.

अजून एक. मोहिमेत गोळा केलेली पोती पायथ्याला भिंतीशी लावून ठेवायची आणि टेम्पो येईल तेव्हा न्यायची असं बऱ्याच ठिकाणी होतं. टेम्पो येतच नाही, कुत्री पोती फाडतात, आणि गडाच्या वाटेची सुरुवातच कचऱ्याच्या ढिगापासून होते. गोळा करायच्या आधी उचलून कोण नेणार ते ठरवा, ग्रामपंचायतीशी आणि भंगारवाल्याशी बोला, आणि तोवर पोती येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसणार नाहीत अशा बंद जागेत ठेवा. जाळू तर अजिबात नका, त्या धुराच्या वासाने पाहुण्याला पहिल्याच श्वासात कळतं की गावालाच या जागेचं काही पडलेलं नाही.

डबे कुठे ठेवायचे आणि कुठे मुळीच नाहीत

अमेरिकेत १३० जागी उभं राहून जवळपास १०,००० लोकांचं निरीक्षण केलेला एक अभ्यास २०१३ मध्ये आला, त्यात दोन गोष्टी ठळक दिसल्या, आधीच कचरा पडलेला असेल तर लोक जास्त टाकतात आणि डबा जितका लांब तितकं टाकणं वाढतं. शहरात, पार्किंगमध्ये, बाजारात हे अगदी बरोबर आहे. पण म्हणून गडावर दर शंभर पावलांवर डबा ठेवायला जाऊ नका. वरचा डबा खाली कोण आणणार? माकडं तो उलथा करतात, वाऱ्याने पाकिटं दरीत जातात, पावसाळ्यात त्यात पाणी साचतं, आणि दोन आठवड्यांत भरून वाहणारा डबा हाच नवा उकिरडा होतो. भरलेल्या डब्याच्या शेजारी ठेवलेली पिशवी टाकणाऱ्याला आपण कचरा टाकला असं वाटतही नाही.

माझं स्पष्ट मत असं की गडावर, सड्यावर (कातळाच्या पठारावर), जंगलात डबा नको. डबे खाली हवेत, गाड्या लावतात तिथे, टपरीच्या अगदी हाताशी, एसटी थांबते तिथे. झाकणाचे हवेत, माकडाला उघडता न येणारे. बाटल्यांसाठी मात्र तारेच्या जाळीचा उभा पिंजरा करा, आत फक्त बाटल्या दिसतात त्यामुळे लोक दुसरं काही टाकायला बिचकतात आणि भंगारवाल्यालाही माल स्वच्छ मिळतो. गावातला वेल्डर जुन्या जाळीतून करून देईल.

आणि वर डबा नसेल तर वर जाणाऱ्याच्या हातात पिशवी हवी. वाटेच्या तोंडाशी खिळ्याला जुन्या कापडाच्या पिशव्या लटकवा, बचत गटाच्या बायका जुन्या साड्यांच्या शिवून देतात, त्यांना त्याचे पैसे द्या. परत येताना पिशवी रिकामी करून त्याच खिळ्याला लावायची. सगळ्या परत येणार नाहीत, काही जातील, तो खर्च धरूनच चाला.

बाटलीला किंमत लावा

केदारनाथला २०२२ पासून प्लास्टिकच्या बाटलीवर क्यूआर कोड लावून १० रुपये जास्त घ्यायला सुरुवात झाली, बाटली परत केली की पैसे परत. त्याच वर्षी तामिळनाडूतल्या निलगिरी जिल्ह्यात सरकारी दारूच्या दुकानांतून बाटलीमागे १० रुपये जास्त घेऊन रिकामी बाटली आणली की परत देणं सुरू झालं, कारण फुटक्या काचा जंगलात जनावरांच्या पायात जात होत्या. दोन्हीकडे सगळा भर एका साध्या गोष्टीवर आहे, रिकामी बाटली हातात असताना तिची किंमत शून्य राहू नये. एकाने टाकली तरी दुसरा उचलून पैसे घेतो.

गावात हे करायला क्यूआर कोड लागत नाही. पायथ्याच्या सगळ्या टपऱ्यांनी मिळून ठरवावं लागतं, एकट्याने केलं तर गिऱ्हाईक शेजारी जातं. बाटलीवर न पुसणाऱ्या मार्करने गावाची खूण करायची, १० रुपये जास्त घ्यायचे, आणि कुठल्याही टपरीवर परत द्यायचे. टपऱ्यांनी आपसात हिशोब रात्री करायचा. दोन अडचणी येतात, एक म्हणजे सुट्टे पैसे, शनिवारी सकाळीच दहाच्या नोटा-नाणी आणून ठेवा किंवा पैसे मोबाईलवर परत करा, आणि दुसरी म्हणजे संध्याकाळी सगळे एकदम उतरतात तेव्हा होणारी गर्दी, त्यासाठी पार्किंगपाशी एक पोरगा नुसता बाटल्या घ्यायला बसवा.

बाटलीच विकली गेली नाही तर अजून बरं. माठ किंवा फिल्टर, स्वच्छ धुतलेला पेला, आणि 'बाटली भरून मिळेल' एवढीच पाटी. बाटली भरायचे ५-१० रुपये घ्या, लाजू नका, त्यात वाहतुकीचा खर्च नाही. पण माठाच्या आसपासची जागा ओली-घाण नको, पाहुणा पाणी बघत नाही, माठाखालची जमीन बघतो आणि मग सीलबंद बाटली मागतो. लिंबू सरबत, ताक स्टीलच्या पेल्यात द्या. भजी-भाकरी पत्रावळीवर, द्रोणात. थर्माकोलच्या प्लेटी राज्यात २०१८ पासून बंद आहेत तरी दिसतात, त्या तुमच्या टपरीत दिसल्या तर पाहुणा तुमचं पुढचं काही ऐकणार नाही.

टपरीवाल्या मावशींना गुन्हेगार ठरवून हे होत नाही. त्यांचं पोट त्यावर आहे, आणि गडावर सगळ्यात जास्त वेळ हजर असलेलं माणूसही त्याच असतात. त्यांना बैठकीला पहिल्यांदा बोलवा, शेवटी नको.

बोर्डावर काय लिहायचं

अ‍ॅरिझोनात दगड झालेल्या प्राचीन लाकडांचं एक राष्ट्रीय उद्यान आहे, पेट्रिफाइड फॉरेस्ट, तिथे लोक लाकडाचे तुकडे खिशात घालून न्यायचे. संशोधकांनी वाटेवर खुणा केलेले तुकडे ठेवले आणि दोन तऱ्हेचे बोर्ड लावून बघितले. एकावर साधारण असं होतं की आजवर खूप लोकांनी लाकूड नेलं त्यामुळे जंगलाचं रूप बिघडलंय, दुसऱ्यावर फक्त लाकूड नेऊ नका असं. पहिल्या बोर्डाजवळ जवळपास ८ टक्के तुकडे गेले, दुसऱ्याजवळ २ टक्क्यांहून कमी. कळकळीने लिहिलेल्या बोर्डाने चोरी वाढवली, कारण वाचणाऱ्याच्या डोक्यात गेलं ते एवढंच की सगळे नेतात.

आपले बोर्ड आठवा. 'दर रविवारी इथे इतकी पोती कचरा निघतो', 'पर्यटकांच्या बेशिस्तीमुळे गड विद्रूप झाला'. राग खरा आहे, पण हे वाक्य गावच्या सभेत बोला, बोर्डावर नको. बोर्डावर तीन गोष्टी पुरतात: ही जागा कोणाची, काय करायचं, आणि ते कुठे करायचं. उदाहरणार्थ:

'या टाक्यातलं पाणी आम्ही पितो. हात-पाय धुवायला खाली नळ आहे.'

'इथून पुढे डबा नाही. पिशवी डाव्या हाताला खिळ्यावर आहे, येताना परत लावा.'

'या वाटेने आमची मुलं शाळेत जातात. काच टाकू नका.'

बोर्ड कुठे लावलाय त्याला पण महत्त्व आहे. माणूस टाक्यात पाय सोडून बसल्यावर मागच्या भिंतीवरचा बोर्ड वाचून काही होत नाही, तो टाक्याच्या वीस पावलं आधी, वाट वळते तिथे हवा. आणि थोडे बोर्ड. एका दरवाज्यावर सात बोर्ड असले की एकही वाचला जात नाही, शिवाय जागा बकाल दिसते ते वेगळंच. रंग उडालेला, अर्धा फाटलेला फ्लेक्स आजच उतरवा, तो स्वतःच कचरा आहे.

होमस्टेवाल्यांसाठी एक खास. अमेरिकेतल्या एका हॉटेलात टॉवेल परत वापरण्याबद्दल वेगवेगळी कार्डं ठेवून बघितली होती, २००८ मध्ये तो अभ्यास आला. पर्यावरण वाचवा म्हणणाऱ्या कार्डाला ३७ टक्क्यांच्या आसपास लोकांनी साथ दिली, आणि 'याच खोलीत राहिलेल्या बहुतेक पाहुण्यांनी टॉवेल परत वापरला' या कार्डाला ४९ टक्क्यांच्या आसपास. तुम्हीही खोलीत लिहू शकता, 'या खोलीतले बहुतेक पाहुणे एका बादलीत आंघोळ करतात, मे महिन्यात विहीर तळाला जाते.' पण खरं असेल तरच लिहा. पाहुण्याला खोटं लगेच कळतं, विशेषतः अंगणात तुमचाच टँकर उभा असेल तर.

ओळख झाली की वागणं बदलतं

मंडणगड तालुक्यातलं वेळास आता कासवांचं गाव म्हणून सगळ्यांना माहितेय. आधी तिथे ऑलिव्ह रिडले कासवांची अंडी चोरीला जायची, चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने २००२ च्या सुमाराला गावकऱ्यांना बरोबर घेऊन घरट्यांची राखण सुरू केली आणि २००६ पासून कासव महोत्सव. पाहुणे गावातल्या घरांतच उतरतात, पडवीत झोपतात, घरचं जेवतात, आणि पहाटे किनाऱ्यावर दोरीच्या मागे उभे राहतात. समोर पिल्लं समुद्राकडे निघालेली असताना शेकडो माणसं शांत उभी असतात, हे मोठमोठ्या रिसॉर्टना पाहुण्यांना दंड लावूनही जमत नाही.

दोरी साधी आहे, कोणीही ओलांडू शकतो. पण ज्या काकूंनी रात्री वाढलं त्यांचाच मुलगा किंवा दीर दोरीच्या पलीकडे उभा असतो, मग ओलांडायला पाय उचलत नाही. तुमच्या गावातही हे करता येतं. पाहुणे आले की थेट खोलीची चावी देऊ नका, आधी पाच मिनिटं अंगणात बसवा, पाणी द्या, गावातल्या एखाद्या म्हाताऱ्या आजोबांशी ओळख करून द्या, पाणी कुठून येतं, गुरं कुठे चरतात, गडावरच्या देवीची जत्रा कधी असते ते सांगा. नियमांची यादी वाचू नका. माणसांची आणि जागेची नावं कळली की बेवारस वाटणारी जागा कोणाच्या तरी घराचं अंगण होते.

काजव्यांची रात्र: जागा सगळ्यात नाजूक तेव्हा

मेच्या शेवटापासून जोराचा पाऊस लागेपर्यंत भंडारदरा, कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्याच्या गावांत, राजमाचीला लोक काजवे बघायला येतात. इथे कचऱ्यापेक्षा उजेड आणि पाय जास्त घात करतात. काजव्यांचं लुकलुकणं जोडीदार शोधण्यासाठी असतं, हेडलाइट, फ्लॅश, हॅलोजन पडला की ते बोलणंच तुटतं. माद्या बऱ्याचदा खाली गवतात, झुडपांत असतात, म्हणजे फोटोसाठी वाट सोडून आत शिरलेला प्रत्येक बूट त्यांच्यावर पडू शकतो.

काय करायचं. गाड्या झाडांपासून लांब, वळणाच्या अलीकडे थांबवा आणि तोंड उलट्या दिशेला करून लावायला सांगा, म्हणजे निघताना हेडलाइट झाडांवर येत नाही. तेवढे दिवस गावातल्या सगळ्यांनीच अंगणातले हॅलोजन बंद ठेवायचं ठरवा, एका कॅम्पवाल्याने डीजे आणि लायटिंग लावलं की बाकी सगळ्यांची मेहनत वाया जाते. टॉर्चवर लाल जिलेटिन कागद रबराने बसवून द्या. वाटेच्या दोन्ही कडांना चुन्याची फक्की मारलेले दगड ठेवा, अंधारात ते दिसतात आणि माणूस आपोआप मधून चालतो.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, लोकांना झाडांपाशी न्यायच्या आधी पंधरा-वीस मिनिटं पूर्ण अंधारात गप्प बसवा. मोबाईल खिशात. डोळे अंधाराला सरावले की हजारो काजवे एका लयीत पेटताना-विझताना दिसायला लागतात, आणि मग कोणी मोबाईलचा उजेड लावला तर बाकीचे पाहुणेच त्याला गप्प करतात, तुम्हाला बोलावं लागत नाही. ज्याला थेट गाडीतून उतरवून झाडासमोर उभं केलं त्याला काहीच दिसत नाही, म्हणून तो टॉर्च मारतो. त्याला दोष देण्याआधी आपण त्याला बघायची संधी दिली का ते बघा.

गर्दी आणि वाट

कास पठार २०१२ मध्ये पश्चिम घाटाच्या जागतिक वारशात आलं आणि सप्टेंबर-ऑक्टोबरच्या फुलांच्या दिवसांत तिथे माणसांचा लोंढा सुरू झाला. मग दिवसाला ३००० लोकांची मर्यादा, आधी ऑनलाइन बुकिंग, शुल्क, लांब पार्किंग, आणि आसपासच्या गावांतली माणसं राखणीला, असं बसवत गेले. मधे जाळीचं कुंपणही होतं, ते नंतर काढलं. मर्यादेचा फायदा नुसता संख्येचा नाही. वाटेवर रांग अडली की लोक बाजूने फुलांत उतरतात, एक उतरला की मागचे दहा उतरतात. संख्या आवाक्यात असली की उतरायची गरजच पडत नाही.

गडाच्या वाटेवर हेच छोट्या प्रमाणात होतं. पावसाळ्यात एका जागी चिखल होतो, लोक बूट वाचवायला कडेने जातात, दोन महिन्यांत तीन फुटांची वाट दहा फूट होते आणि कडेची कारवी तुडवली जाते. तिथे 'वाट सोडू नका' लिहून उपयोग नाही, चिखलात चार चपटे दगड टाका. शॉर्टकटच्या तोंडावर वाळलेल्या काटक्यांचा आडवा गठ्ठा टाका. बस.

माथेरानला गाड्या दस्तुरी नाक्यावरच थांबतात, पुढे हॉर्न नाही. तिथे आत गेल्यावर माणसाची चाल आणि आवाज दोन्ही खाली येतात. तुमच्या गावात पार्किंग जर गडाच्या पहिल्या पायरीशी असेल तर ते अर्धा किलोमीटर मागे आणता येतं का बघा, मधल्या चालण्यात गाडीतला स्पीकरही मागे राहतो, आणि त्या रस्त्यावर गावातल्या चार घरांचा धंदाही होतो. म्हाताऱ्या माणसांसाठी आणि ज्यांना चालता येत नाही त्यांच्यासाठी सोय ठेवा.

संडास

याच्यावर थोडक्यात पण ठामपणे. पायथ्याला पाणी असलेला, कडी लागणारा, स्वच्छ संडास नसेल तर तटबंदीमागची घाण कुठल्याही बोर्डाने थांबणार नाही. बायकांसाठी तर हा पहिला प्रश्न आहे, कित्येक जणी दिवसभर पाणी पीत नाहीत. आत झाकणाचा डबा आणि जुने वर्तमानपत्राचे कागद ठेवा, पॅड गुंडाळून टाकायला. १० रुपये घ्या आणि ते पैसे झाडणाऱ्या माणसालाच द्या. वर चढायला लागायच्या आधी तो दिसला पाहिजे, उतरल्यावर नाही.

परवानगी

नावाजलेले बरेच गड केंद्राच्या किंवा राज्याच्या पुरातत्त्व खात्याकडे आहेत आणि आसपासची जमीन बऱ्याचदा वनखात्याची. तटाला खिळा ठोकणं, सिमेंट लावणं, दगड रंगवणं, वाटेवर काही कायमचं बांधणं परस्पर करू नका, चांगल्या हेतूने केलं तरी नुकसान होतं आणि गुन्हाही ठरतो. पिशव्यांचे खिळे, फक्की मारलेले दगड, बाटल्यांचे पिंजरे हे गावच्या जागेत, आणि वनजमिनीवर काही ठेवायचं असेल तर वनरक्षकाशी बोलून. वाटेतल्या चिखलाचे दगडही तटाचे उचलू नका.

ट्रेक लीडरने घरातूनच काय करायचं

आदल्या रात्रीचा व्हॉट्सअ‍ॅप मेसेज हा सुद्धा जागेचाच भाग धरा. दोन लिटरची स्वतःची बाटली, जेवणाचा डबा, स्वतःचा कप, एक रिकामी पिशवी, एवढं लिहा. सकाळी बसमध्ये पहिला नाश्ता होतो तिथेच सवय लागते, नाश्त्याला कागदी प्लेट दिली तर दिवसभर तीच मागतील. वर गेल्यावर लीडरने खाली वाकून एक पाकीट न बोलता उचललं की मागची दोन-चार मुलं उचलतात, भाषण दिलं की फोटो काढतात. ग्रुप लहान ठेवा. पन्नास जणांच्या ग्रुपमध्ये कोणीच कोणाला ओळखत नाही आणि कोणाचीच लाज वाटत नाही.

हे सगळं केल्यावरही काही लोक तसेच वागतील. डब्यांबद्दलच्या त्या १३० जागांच्या अमेरिकन अभ्यासातच दिसलं होतं की लोकांच्या टाकण्यातला साधारण १५ टक्के फरक जागेमुळे होता, बाकीचा माणसामाणसातला. दारू पिऊन धिंगाणा घालणाऱ्यासाठी दंड, पोलीस पाटील आणि गेटवरची तपासणी लागतेच, तिथे माठ आणि पत्रावळ काम करत नाही. पण त्या थोड्या लोकांचा कचरा शनिवारी सकाळी पडून राहिला नाही तर बाकीच्यांना त्यांच्या मागे जायला निमित्त मिळत नाही. दंड वसूल करायला माणूस कमी असतो, तो खऱ्या त्रास देणाऱ्यांसाठी मोकळा राहतो.

फरक पडतोय का ते कसं बघायचं

वहीतल्या त्याच पाच-सहा जागा, दर सोमवारी त्याच वेळेला, त्याच कोनातून मोबाईलवर फोटो. गोळा झालेलं पोतं ताणकाट्याला लावून वजन, बाटल्या वेगळ्या मोजून. गाड्या किती आल्या ते पार्किंगच्या पावत्यांवरून कळतं, म्हणजे कचरा कमी झाला की माणसंच कमी आली होती तेही समजतं. एका वेळी एकच बदल करा आणि तीन-चार आठवडे थांबा, डबे हलवले, बोर्ड बदलले, बाटलीचे पैसे सुरू केले असं सगळं एकदम केलं तर कशाने काय झालं ते कळणार नाही. उपयोग झाला नाही तो बदल मोकळेपणाने मागे घ्या. ही वही शाळेतल्या आठवी-नववीच्या मुलांकडे दिलीत तर नीट भरली जाते, मोठ्यांकडे दोन महिन्यांत हरवते. पंधरा ऑगस्टला जोडून आलेली सुट्टी, दिवाळी, शिवजयंती यांची पानं वेगळी ठेवा आणि त्यांची तुलना मागच्या वर्षीच्या त्याच दिवसांशी करा, साध्या रविवारशी नको.